भट्टीपाशी : ब्राउनीच्या पोटातलं बिस्किट

गेल्या अंकात फज ब्राउनीवर लिहिताना शेवटी जाता जाता म्हटलं होतं, की मध्ये दालचिनीच्या बिस्किटाचं स्प्रेड भरलं तर बहार येते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या खेपेला केक, पाव, नानकटाई सगळं बाजूला ठेवलंय.

*ताई, नमस्कार. माझी मुलगी अँटवर्पला असते. दिवाळीला येताना तिने बिस्कॉफ स्प्रेडच्या दोन बरण्या आणल्या. मी नेहमीचं ब्राउनीचं मिश्रण केलं, अर्धं टिनमध्ये ओतलं, वर स्प्रेड चमच्याने पसरलं आणि उरलेलं मिश्रण ओतलं. पस्तीस मिनिटांनी टूथपिक घातली तर चिकट. आणखी दहा मिनिटं ठेवलं, तरी चिकट. शेवटी पंचावन्न मिनिटांनी काढली. कडा चावत नव्हत्या, मध्ये स्प्रेड दिसत नव्हतं आणि तळाला टॉफीसारखं काहीतरी चिकटलं होतं. मुलगी म्हणाली, ‘आई, चव छान आहे.’ म्हणजे काय ते तुम्हाला कळेलच. दुसरी बरणी फोडायचा धीर होत नाही.*
*– एक वाचक, डोंबिवली*

कळलं! मुलगी गुणाची आहे. दुसरी बरणी फोडा, पण आधी टूथपिक बाजूला ठेवा. तुमची ब्राउनी त्या टूथपिकनेच बिघडवली.

टूथपिक कोरडी यायला हवी हा नियम केकचा. स्प्रेड भरलेल्या ब्राउनीत मधोमध टूथपिक घातली तर ती तासाभरानेही चिकटच येणार, कारण ती स्प्रेडमधून जाते आणि स्प्रेड भाजून ‘होत’ नाही. बरणीवरची यादी वाचा: ५८ टक्के बिस्किट, मग तेल, साखर, थोडं सोया लेसिथिन आणि सायट्रिक अ‍ॅसिड. त्यात अंडं नाही आणि कच्चं पीठही नाही. आळून बसेल असं काहीच नाही. गरम असताना ते पातळ आणि गार झालं की दाट, एवढाच त्याचा स्वभाव. तुम्ही दहा-दहा मिनिटं वाढवत गेलात तेव्हा स्प्रेड अधिकाधिक पातळ होऊन खाली गेलं, आणि तापलेल्या तळाशी त्यातल्या साखरेची टॉफी झाली.

ब्राउनीचंही काहीसं असंच आहे. तिच्यात मैदा नावापुरता असतो आणि चॉकलेट, लोणी, साखर भरपूर. कोको बटर आणि लोणी दोन्ही आपल्या अंगाच्या उष्णतेच्या आसपास वितळतात. ओव्हनमधून निघालेल्या ब्राउनीचं मधलं तापमान नव्वदच्या घरात असतं, म्हणजे आतली सगळी चरबी त्या वेळी तेलच असते. ती कच्ची वाटणारच, आणि वाटायलाच हवी. अंडं आळण्यापुरतं भाजायचं आणि बाकीचं काम गार होण्यावर सोडायचं. माझ्या वर्गात मुली ओव्हनपाशी उभ्या राहून ‘अजून पाच मिनिटं?’ विचारतात, तेव्हा मी त्यांना सरळ भांडी घासायला पाठवते.

आता कृती. २० सेंटीमीटरचा, म्हणजे आठ इंची चौकोनी टिन घ्या.

स्प्रेडपासून सुरुवात करायची, तीही आदल्या रात्री. २२० ग्रॅम स्प्रेड वाटीत काढून गरम पाण्यात धरा, सैल होईल. बटर पेपरवर पेन्सिलीने १७ सेंटीमीटरचा चौकोन आखून कागद उलटा करा आणि स्प्रेड त्या रेघेच्या आत सारखं पसरा. ताटावर ठेवून फ्रीझरमध्ये सरकवा. टिन २० चा आणि चौकोन १७ चा, म्हणजे चारही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटर मोकळे राहतात. ते मोकळेच हवेत. स्प्रेड टिनच्या कडेला लागलं की ते करपून कडक होतं आणि तुकडा सुटत नाही. सकाळी हा थर वडीसारखा टणक होणार नाही, पण कागदावरून सोलून निघेल एवढा घट्ट होतो. तेवढं पुरे.

ब्राउनीसाठी १५० ग्रॅम बिनमिठाचं लोणी आणि १५० ग्रॅम डार्क चॉकलेट लागेल. चॉकलेट ५५ टक्क्यांच्या आसपासचं घ्या. ७५ टक्क्यांचं चालतं, पण मुलं तोंड वाकडं करतात. दुकानात ‘कंपाउंड’ म्हणून मिळते ती मोठी वडी इथे नको. तिच्यात कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पती चरबी असते, ब्राउनी गार झाल्यावर मेणचट लागते आणि गोडही जास्त होते. पाकिटामागच्या यादीत ‘कोको बटर’ हे शब्द आहेत की नाहीत ते बघा, दुकानदाराला विचारू नका.

लोणी आणि चॉकलेट उकळत्या पाण्यावर वाडगं ठेवून वितळवा. वाडग्याचा बूड पाण्याला लागता कामा नये. दुसऱ्या भांड्यात ३ अंडी, १५० ग्रॅम बारीक साखर आणि ५० ग्रॅम ब्राउन शुगर बीटरने तीन-चार मिनिटं फेटा. एरवी मी या मापाला २५० ग्रॅम साखर घेते, पण मधला थर स्वतःच इतका गोड आहे की ५० ग्रॅम इथेच कापली. कोमट चॉकलेट त्यात ओता, पाव चमचा मीठ आणि अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी घाला. कॉफीची चव कळत नाही, चॉकलेटची मात्र वाढते. मग ७५ ग्रॅम मैदा आणि २५ ग्रॅम कोको एकत्र चाळून, चमच्याने वरखाली करत मिसळा. पांढरं दिसेनासं झालं की हात थांबवा. बेकिंग पावडर नाही, सोडा नाही. फुगली तर तो केक होईल.

टिनमध्ये बटर पेपर दोन बाजूंनी वर येईल असा लावा. निम्मं मिश्रण पसरा, म्हणजे वजनाने साधारण पावणेचारशे ग्रॅम. फ्रीझरमधला थर सोलून अलगद वर ठेवा. तो हातात मऊ पडायला लागतो, म्हणून हे काम विचार न करता झटपट उरकायचं. उरलेलं मिश्रण आधी चारही कडांना ओता, मग मध्ये. कडांची फट आधी भरली की वरचं-खालचं मिश्रण एकमेकांना मिळतं आणि स्प्रेड आत कोंडलं जातं.

ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन, १७० अंशांवर, दोन्ही रॉड चालू, मधली जाळी, २८ ते ३२ मिनिटं. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर १६० ठेवा, त्याचा पंखा वरचा थर लवकर सुकवतो. आणि ओटीजीच्या चकतीवर विश्वास ठेवू नका. आत ठेवायचा साधा तापमापक मिळतो, तो आणा. आमच्या मिरजेत संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी व्होल्टेज उतरतं, तेव्हा तोच ओव्हन त्याच आकड्यावर रेंगाळतो. दुपारी तीसला होणारी ब्राउनी संध्याकाळी अडतीस मिनिटं घेते.

झाली की नाही हे वरून ओळखायचं. पृष्ठभागाची ओली चकाकी जाऊन कागदासारखी पापडी आली, कडा दोन बोटं आतपर्यंत बसल्या आणि टिन हलवल्यावर मध्ये फक्त किंचित डुललं, की बाहेर काढा. टूथपिकशिवाय चैनच पडत नसेल तर कडेपासून दोन बोटांवर, फक्त वरच्या थरात टोचा. ओलसर चुरा चिकटला तर ठीक. ओघळणारं मिश्रण आलं तर चार मिनिटं द्या. चार म्हणजे चार.

मग दोन तास ओट्यावर, आणि तिथून टिनसकट रात्रभर फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी कागदाला धरून वर उचला, लांब सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या आणि कापा. प्रत्येक कापानंतर पुन्हा बुडवायची, पुन्हा पुसायची. सोळा तुकडे होतील. खाण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवा, म्हणजे मधला थर लोण्यासारखा मऊ होतो.

*मॅडम, आमच्याकडे अंडं चालत नाही. सासूबाई तर अंड्याचं भांडंही वेगळं ठेवायला सांगतात. ही ब्राउनी बिनअंड्याची होईल का? आणि ते स्प्रेड शाकाहारी असतं का? – एक वाचक, इचलकरंजी*

स्प्रेडची काळजी नको. मूळ प्रकारात अंडं नाही आणि दूधही नाही. तरी बरणीवरचा हिरवा ठिपका सासूबाईंना आधी दाखवा, म्हणजे पुढची चर्चा वाचेल.

ब्राउनी होईल, पण वरच्याच कृतीतली अंडी काढून दही घातलं असं करू नका. अंड्याचं पाणी गेलं, आळणं गेलं, पापडीही गेली. सगळी मापं बदलतात. मी असं करते: १५० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि १०० ग्रॅम लोणी वितळवून घ्यायचं. लोणी कमी केलंय, कारण अंड्यातलं लेसिथिन नसलं की जास्तीची चरबी धरून ठेवायला कोणी राहत नाही आणि ब्राउनी तेल सोडते. त्यात २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ४० ग्रॅम ब्राउन शुगर, ७५ ग्रॅम घट्ट, आंबट नसलेलं दही आणि ५० मिली कोमट दूध. हे गुळगुळीत झालं की १०० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम कोको, पाव चमचा मीठ आणि पाव चमचा बेकिंग पावडर चाळून घाला. हो, इथे बेकिंग पावडर आहे, पण पावच चमचा. अंडं नसताना मैदा थोडा जास्त लागतो आणि तेवढ्याने घास जड होतो, तो हलका करायला.

फ्रीझरमधला थर, कडा, गार करणं सगळं तसंच. फक्त ओव्हन १६० वर ठेवा, कंडेन्स्ड मिल्क लवकर काळं पडतं. वेळ तीस मिनिटांच्या आसपास. हिला वरची चकचकीत पापडी येणार नाही. अळशीचा लगदा घालून ती येते असं कोणी सांगितलं तर त्यांना करून दाखवायला सांगा. गार ब्राउनीवर दोन चमचे स्प्रेड कोमट करून काट्याने रेघा ओढा. छान दिसतं आणि पापडीची आठवण कोणी काढत नाही.

*ती बरणी आमच्या गावात मिळत नाही आणि शहरात बघितली तर किंमत बघूनच परत ठेवली. घरी करता येईल का? पार्लेजीची केलेली एक कृती बघितली, पण त्यात दूध घालून शिजवायला सांगितलंय. – क. वि., पंढरपूर*

येईल, आणि करायलाच हवं. हे स्प्रेडही मुळात घरगुतीच आहे. बेल्जियममध्ये पावाला लोणी लावून त्यात हे कॅरमेलच्या चवीचं बिस्किट घालायचं आणि डब्यात न्यायचं, ही कामगारांची आणि शाळकरी पोरांची जुनी पद्धत. जेवायच्या सुट्टीपर्यंत लोण्याने बिस्किट भिजून त्याचा लगदा व्हायचा. २००७ च्या सुमारास तिथल्या टीव्हीवरच्या नवीन कल्पनांच्या स्पर्धेत एका बाईंनी तोच लगदा बरणीत भरून मांडला, आणि मग हे बिस्किट करणाऱ्या लोटस कंपनीने तो बाजारात आणला. म्हणजे सगळी करामत बिस्किट आणि चरबीची. दुधाचा संबंध नाही. दूध घालून शिजवलंत तर ती बिस्किटाची खीर होईल, चार दिवसांत आंबेल, आणि भाजताना तिच्यातलं पाणी वाफ होऊन ब्राउनीला मध्ये पोकळी पाडेल.

माप बरणीच्या यादीतूनच काढलंय. १५० ग्रॅम ग्लुकोज बिस्किटं घ्या. ती १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं पुन्हा भाजा, गडद बदामी रंग येऊ द्या. ही पायरी गाळू नका. खऱ्या बिस्किटाची जी जळकट गोड चव असते ती कँडी साखरेच्या पाकातून आणि भाजण्यातून येते. आपल्याकडे पाक नाही, निदान भाजणं तरी असू दे. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर, मंद आचेवर, उलटत राहून. पूर्ण गार झाल्यावर चटणीच्या भांड्यात दळा, चाळा आणि चाळणीत उरलेलं परत दळा. त्यात ३५ ग्रॅम ब्राउन शुगर, दीड चमचा दालचिनी पूड, दोन चिमटी सुंठ, एक चिमूट जायफळ, जेमतेम लवंग आणि चिमूटभर मीठ घालून पुन्हा फिरवा. मग ३५ ग्रॅम वास नसलेलं रिफाइंड तेल आणि ३५ ग्रॅम पातळ केलेलं साजूक तूप धारेने सोडत मिक्सर थांबत थांबत चालवा. भांडं गरम झालं की मिश्रण एकदम सैल होऊन सुटतं. ते सुटेपर्यंत धीर धरायचा, जास्तीचं तेल ओतायचं नाही. शेवटी लिंबाचे दोन थेंब.

तूप का? नुसत्या तेलाचं स्प्रेड फ्रीझरमध्येही लिबलिबीत राहतं. तुपामुळे थर कागदावरून नीट सुटतो. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल वापरलंत तर त्याचाच वास वर येईल. घरचं स्प्रेड जिभेला किंचित रवाळ लागतं, कारण कारखान्यातल्यासारखं बारीक आपल्या मिक्सरवर होत नाही. ब्राउनीच्या आत ते कळत नाही, मला तर आवडतंही. कोरड्या बरणीत, कोरड्या चमच्याने घेत राहिलात तर महिनाभर फ्रीजशिवाय टिकतं.

*माझ्या ब्राउनीला वर ती पातळ चकचकीत पापडी येतच नाही. बाकी सगळं जमतं. – नववीतली एक वाचक, सातारा*

बाकी सगळं जमतं म्हणतेस, म्हणजे तू पुढे गेलेली आहेस. पापडी साखरेची असते. साखर अंड्यात पूर्ण विरघळली तरच ती भाजताना वर येऊन पातळ कवच धरते. तुझी साखर जाड दाण्याची असणार. मिक्सरवर दोनदाच फिरव, पिठी करू नकोस. बाजारातल्या आयसिंग शुगरमध्ये कॉर्नफ्लोअर असतं, ती इथे नकोच. अंडी फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेव आणि फेटताना चिमटीत घेऊन बघ, खरखर लागली तर अजून फेट. चॉकलेट घालशील तेव्हा ते बोटाला गरम लागेल इतपत असू दे, कढत नको, नाहीतर अंडं शिजेल. ओव्हन मात्र आईला विचारून लाव.

*आपल्या मासिकात या परदेशी बिस्किटाचं एवढं कौतुक कशासाठी? दालचिनी-लवंगेला आम्ही कोकणातले काय नवे आहोत? – एक ज्येष्ठ वाचक, वेंगुर्ले*

काका, पत्र वेंगुर्ल्याहून आलं म्हणून उत्तर थोडं लांबवते.

बेल्जियममध्ये लेम्बेके नावाच्या गावात १९३२ साली बून घराण्याच्या बेकरीने हे बिस्किट करायला घेतलं. जुनं आहे, पण फार जुनं नाही. त्याच्या आधीचं, त्याचं थोरलं भावंड म्हणजे डच स्पेकुलास. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या संध्याकाळी संत निकोलासचा सण असतो, त्या दिवसांत ते लाकडी कोरीव साच्यांत दाबून करतात. संताची आकृती, पवनचक्की, जहाज असे साचे असतात. डच प्रकारात दालचिनीबरोबर लवंग, जायफळ, सुंठ, वेलची, पांढरी मिरी असा भरगच्च मसाला असतो. बेल्जियमचं बिस्किट बहुतेक दालचिनी आणि जळवलेल्या साखरेवरच भागवतं.

आता हा मसाला हॉलंडच्या स्वयंपाकघरात आला कसा? १६०२ साली स्थापन झालेल्या त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीने लवंग आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांतून, जायफळ तिथल्याच बांदा बेटांवरून आणि सतराव्या शतकाच्या मध्यापासून दालचिनी सिलोनमधून नेली. बांदा बेटांवर तर जायफळापायी त्यांनी माणसांची कत्तल केली, तेही विसरायचं कारण नाही. त्याच कंपनीने १६३७ मध्ये तुमच्या वेंगुर्ल्यात पाय रोवला, गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला आणि जहाजांना शिधा पुरवायला. बाजारपेठेपासून जवळ पडझड झालेली डच वखार आहे ती त्यांचीच. तिथूनच स्पेकुलासचा मसाला गेला असं मी म्हणत नाही, ती वाट दुसरी होती. पण वखार तुमच्या गावात असताना हे बिस्किट तुम्हाला अगदीच परकं म्हणता येणार नाही. आपली नानकटाईही सुरतेच्या डच बेकरीत जन्मली अशी गोष्ट सुरतेचे बेकरीवाले सांगतात.

आणि कोकणचं म्हणाल तर तुमची तक्रार मला एका बाबतीत पटते. दुकानात दालचिनी म्हणून मिळते ती बहुतेक वेळा जाड, एकाच पदराची, तिखट सालीची कॅसिया असते. खरी दालचिनी पातळ, पदरात पदर गुंडाळलेली आणि बोटाने चुरडणारी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिची ‘कोकण तेज’ नावाची जात काढली आहे, जायफळाची ‘कोकण सुगंधा’ही त्यांचीच. तुमच्या परड्यात यातलं काही असेल तर वर पंढरपूरकरांना सांगितलेलं स्प्रेड त्या मसाल्याने करा. कॅसियाच्या दीड चमच्याच्या जागी खरी दालचिनी दोन चमचे घाला, ती सौम्य असते. बरणीतल्यापेक्षा चांगलं होतं, हे माझं मत, आणि बरणीवाल्यांनी रागवायचं असेल तर रागवावं.

*मुलाला बंगळुरूला या ब्राउनी कुरिअरने पाठवायच्या आहेत. एप्रिलमध्ये त्याचा वाढदिवस असतो. – एक वाचक, नागपूर*

नागपूरचा एप्रिल आणि मधला थर, दोन्ही एकत्र नको. चाळीस अंशांत स्प्रेड वाहणार आणि खोक्यातून बाहेर येणार. एक उपाय आहे: २०० ग्रॅम स्प्रेडमध्ये ६० ग्रॅम खरं व्हाइट चॉकलेट वितळवून घाला आणि तीन-चार बिस्किटांचा भरड चुरा मिसळा. थर दाट होतो, सावलीतल्या साध्या उकाड्यात तग धरतो. पण दुपारच्या गाडीत तोही हार मानेल. त्यापेक्षा न भरलेल्या ब्राउनी एकेक गुंडाळून पाठवा आणि स्प्रेड घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत, डबी पिशवीत बांधून. मुलगा लावून खाईल. तेवढं त्याला येत असावं.

*ताई, मी घरून ब्राउनी विकते. भरलेल्या ब्राउनीला भाव किती लावू? आणि डब्यावर काय लिहावं लागतं? – घरगुती बेकर, कोल्हापूर*

भाव मी सांगणार नाही, कारण तुमचं लोणी, वीज आणि मेहनत मला माहीत नाही. पण सोळा तुकड्यांच्या एका टिनमध्ये २२० ग्रॅम स्प्रेड जातं, म्हणजे ४०० ग्रॅमची बरणी दोन टिनलाही पुरत नाही. बहुतेक जणी ‘थोडंसंच तर लागतं’ म्हणून हा खर्च धरत नाहीत आणि मग महिनाअखेरीस पैसे कुठे गेले ते शोधतात. प्रत्येक बॅचला स्प्रेडचं वजन करा, चमच्याने मोजू नका. कापताना कडेच्या पट्ट्या काढून टाकत असाल तर त्याही हिशेबात धरा. मी त्या काढत नाही. कडेचा तुकडा मागून नेणारी गिऱ्हाइकं असतात.

विकायचं असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, घरून विकत असलात तरी. ती ऑनलाइन होते, एजंटाला पैसे देऊ नका. क्रमांक डब्यावर छापा. अंडं घातलेल्या ब्राउनीवर हिरवा ठिपका चालत नाही, चौकटीत तपकिरी त्रिकोण लागतो. दोन्ही प्रकार करत असाल तर डबे वेगळ्या रंगाचे ठेवा. घाईत स्टिकर बदललं की इचलकरंजीच्या सासूबाईंसारखं गिऱ्हाईक कायमचं जातं. गहू, दूध, अंडं आणि सोया ही चार नावं ठळक लिहा. सोया कुठून आलं म्हणाल तर स्प्रेडमधल्या लेसिथिनमधून, आणि बहुधा चॉकलेटमध्येही असतं. भाजल्याची तारीख लिहा. फ्रीजमध्ये पाच दिवस म्हणा. सहाव्या दिवशीही त्या चांगल्या लागतात, पण ते गिऱ्हाइकाला सांगू नका.